अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रे

गुलामगिरी नष्ट व्हावी या उद्देशाने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अनेक वृत्तपत्रे चालवली गेली. त्यांचा खप मर्यादित होता. परंतु ती दडपण्याच्या प्रयत्नांमुळे गुलामगिरीचा प्रश्न मुद्रणस्वातंत्र्याशी जोडला गेला.

प्रारंभ

इ.स. १८२० मध्ये एलिहू एम्ब्री यांनी टेनेसी राज्यातील जोन्सबरो येथून 'द इमॅन्सिपेटर' हे मासिक काढले. पुढील वर्षी बेंजामिन लंडी यांनी ओहायो राज्यात 'जीनियस ऑफ युनिव्हर्सल इमॅन्सिपेशन' सुरू केले. १६ मार्च १८२७ रोजी न्यू यॉर्क येथे निघालेले 'फ्रीडम्स जर्नल' हे कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेले व चालवलेले देशातील पहिले वृत्तपत्र होय. सॅम्युएल कॉर्निश व जॉन रसवर्म हे त्याचे संपादक होते. कृष्णवर्णीयांची बाजू त्यांनी स्वतःच मांडावी, अशी त्याची भूमिका होती.

द लिबरेटर

विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १ जानेवारी १८३१ रोजी बोस्टन येथून 'द लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले. गुलामांची मुक्तता टप्प्याटप्प्याने नव्हे, तर तत्काळ व मालकांना भरपाई न देता व्हावी, अशी त्याची मागणी होती. सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार मुक्त कृष्णवर्णीय होते.

विरोध व हिंसाचार

इ.स. १८३५ मध्ये चार्ल्स्टन येथे जमावाने टपालाने आलेले गुलामगिरीविरोधी साहित्य जाळले. इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे 'ऑल्टन ऑब्झर्व्हर'चे संपादक एलिजा लव्हजॉय यांची छपाईयंत्रे वारंवार नष्ट करण्यात आली. ७ नोव्हेंबर १८३७ रोजी नव्या यंत्राचे रक्षण करताना ते जमावाच्या गोळीबारात मारले गेले. या हत्येमुळे, चळवळीपासून दूर असलेले उत्तरेतील अनेक नागरिकही तिच्याकडे वळले.

द नॉर्थ स्टार

गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ३ डिसेंबर १८४७ रोजी रॉचेस्टर येथून 'द नॉर्थ स्टार' सुरू केले. अमेरिकेची राज्यघटना गुलामगिरीला संरक्षण देते, असे गॅरिसन मानत. तिचा उपयोग गुलामगिरीविरुद्ध करता येईल, अशी भूमिका डग्लस यांनी इ.स. १८५१ मध्ये घेतली व दोघांत मतभेद झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा'मध्ये हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

समाप्ती

डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. उद्दिष्ट साध्य झाल्याने २९ डिसेंबर १८६५ रोजी 'द लिबरेटर'चा अखेरचा अंक निघाला. गुलामांच्या मुक्ततेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ त्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला.