घरगुती हीट पंपाचा आवाज

घरगुती हीट पंपाचा आवाज : बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर तापवणाऱ्या यंत्राचा, मुख्यतः त्याच्या घराबाहेरच्या भागाचा, चालताना होणारा आवाज. यंत्र तसे अनोळखी नाही. मुंबई-पुण्यात खिडकीबाहेर टांगलेले एसीचे आउटडोअर युनिट उलट दिशेने चालवले की त्याचा हीट पंप होतो. फरक वेळेचा. एसी उकाड्यात घरघरतो, तेव्हा रस्ताही गजबजलेला असतो. हीट पंपाला सर्वांत जास्त राबावे लागते ते कडाक्याच्या थंडीत, रात्री, सगळी गल्ली चिडीचूप असताना.

आवाजाचे उगम दोन : पंखा आणि कॉम्प्रेसर. पंख्याचा सुसाट्यासारखा आवाज कान लवकर विसरतो. कॉम्प्रेसरची एकसुरी गुणगुण मात्र तितक्याच डेसिबलला जास्त छळते. त्यात दमट थंडीत कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे चक्र उलटे फिरवते आणि व्हॉल्व्ह पालटताना ‘फुस्स’ होते. झोपमोड होते ती अनेकदा आवाजाच्या पातळीने नव्हे, अशा अचानक बदलाने.

या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा डेसिबलचा आहे, कारण डेसिबल दोन प्रकारचे. युरोपातल्या ऊर्जा-लेबलवर छापलेला आकडा ध्वनिशक्तीचा असतो, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकते त्याचा. शेजाऱ्याच्या कानाशी पोचतो तो ध्वनिदाब, आणि तो अंतरावर व जागेवर ठरतो. मोकळ्या अंगणात जमिनीवर ठेवलेल्या ६० डेसिबल ध्वनिशक्तीच्या पंपाचा ध्वनिदाब १ मीटरवर सुमारे ५२ भरतो. पुढे अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल उतरतात : २ मीटरवर ४६, ४ मीटरवर ४०, ८ मीटरवर ३४. तोच पंप भिंतीला टेकवला की प्रत्येक आकड्यात ३ मिळवायचे. दोन भिंतींच्या कोपऱ्यात सारला तर ६. विक्रेत्याने नुसते ‘५० डेसिबल’ सांगितले, तर कुठला डेसिबल आणि किती मीटरवर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जर्मनीत १९९८ च्या ‘टे आ लेर्म’ या नियमावलीनुसार निव्वळ निवासी भागात रात्री ३५ डेसिबल, तर सर्वसाधारण निवासी भागात ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. मोजणी शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीपासून अर्ध्या मीटरवर होते. आवाजात ठळक सूर ऐकू येत असेल, तर ३ किंवा ६ डेसिबल दंडादाखल वाढवले जातात. वरचा ८ मीटरवरचा पंप अंगणात असेल तर ३५ च्या परीक्षेत काठावर पास. भिंतीला टेकवला की ३७, म्हणजे नापास. यंत्र तेच, अंतर तेच.

इंग्लंडमध्ये वेगळी बांधकाम-परवानगी न घेता पंप बसवण्याची सोय डिसेंबर २०११ पासून आहे, पण शेजाऱ्याच्या खिडकीपासून १ मीटरवर आवाज ४२ डेसिबलच्या आत राहील, हे तेव्हापासून बसवणाऱ्याने आकडेमोडीने दाखवायचे होते. त्या पद्धतीतली एक तरतूद मजेशीर होती : पंपापाशी उभे राहून पाहिल्यावर शेजाऱ्याची खिडकी भरीव कुंपणाआड पूर्ण झाकली जात असेल, तर १० डेसिबल वजा करायचे. झाडांचे कुंपण यात धरत नाहीत, आणि ते योग्यच. पानांमधून नजर अडते, आवाज अडत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान १ मीटर अंतराची अट २०२५ मध्ये काढून टाकली गेली, आवाजाची अट मात्र राहिली.

उत्पादकांवरही बंधन आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ६ किलोवॅटपर्यंतच्या पंपाच्या बाहेरच्या भागाची ध्वनिशक्ती ६५ डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही, ६ ते १२ किलोवॅटला ७०. जर्मन सरकारने अनुदानासाठी पट्टी आणखी आवळली : २०२४ पासून या मर्यादेपेक्षा ५ डेसिबल कमी, २०२६ पासून १० डेसिबल कमी. त्यामुळे मोठ्या व्यासाचे, सावकाश फिरणारे पंखे आणि कॉम्प्रेसरभोवती जाड आवरण यांना महत्त्व आले आहे.

घरमालकांच्या चुका बहुधा बसवतानाच होतात. झोपायच्या खोलीच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकले की कंपने भिंतीतून घरातच उतरतात, आणि मग शेजाऱ्याआधी मालकच जागा होतो. जमिनीवरचा काँक्रीटचा ओटा, रबरी पाय आणि लवचीक नळ्या हा त्यावरचा साधा उपाय. पंपाभोवती घट्ट पेटी बांधणे तर उलटच पडते : बाहेर फेकलेली गार हवा पुन्हा आत ओढली जाते, पंप जास्त राबतो आणि जास्त आवाज करतो. अनेक पंपांना ‘नाइट मोड’ असतो. त्यात कॉम्प्रेसरचा वेग उतरतो, पण त्याबरोबर उष्णताही उतरते. त्यामुळे सर्वांत गारठलेल्या रात्री तो लावायला घरातले सहसा तयार नसतात.