कॉफी फिल्टर, दाक्षिणात्य

कॉफीचे डिकॉक्शन, म्हणजे दाट अर्क, केवळ गुरुत्वाकर्षणाने ठिबकवून घेण्याचे दोन कप्प्यांचे धातूचे भांडे. (→ कॉफी, चिकोरी).

ठिबक पद्धतीचे कॉफीपात्र पॅरिसमध्ये 1800च्या सुमारास प्रचारात आले. दक्षिण भारतातील फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. तो पूर्वी पितळेचा असे. पुढे स्टेनलेस स्टीलचा रूढ झाला.

वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात बहुधा चिकोरीमिश्रित पूड भरून दांड्याच्या सच्छिद्र चकतीने ती हलकी दाबतात व वर उकळते पाणी ओततात. चकतीमुळे पाणी पुडीवर सारखे पसरते. पूड फार बारीक असल्यास छिद्रे बुजतात, फार जाड असल्यास अर्क पातळ उतरतो; तेव्हा यशापयश भांड्यापेक्षा दळणावरच अधिक ठरते. खालच्या भांड्यात साठलेला अर्क गरम दूध व साखर घालून डबरा-टंबलरमध्ये (पसरट वाटी व पेला यांच्या जोडीत) देतात. टंबलरची बाहेर वळलेली कड गरम पेला धरण्यास सोयीची असते. इटालियन मोका पॉटमध्ये (1933) मात्र पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढते (→ मोका पॉट).

महाराष्ट्रात कॉफीची लागवड चिखलदऱ्यास होते, परंतु मराठी घरांत पूड दुधात उकळून जायफळ घालण्याची रीत होती. फिल्टर मुख्यतः दाक्षिणात्य कुटुंबांबरोबर आला : आधी माटुंग्यात, नंतर सिडकोने (स्थापना 1970) वसवलेल्या नवी मुंबईतील वाशी, नेरुळ येथे (→ नवी मुंबई).