पियानोच्या पदवीची वंशावळ

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात पियानोवादनात डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याचा आठवडा दोन कामांत वाटलेला असतो. एकीकडे त्याला जाहीर मैफलींची तयारी करायची असते, कारण या पदवीत मैफलींना प्रबंधाइतके, कित्येकदा त्याहून जास्त वजन असते. दुसरीकडे तो पदवीच्या वर्गातल्या मुलांना, काही ठिकाणी गावातल्या लहान मुलांनाही, पियानो शिकवत असतो. वाजवणे आणि शिकवणे एका पदवीत नांदताना पाहून आज कोणाला नवल वाटत नाही. पण त्यांना असे एकत्र यायला दोनशे वर्षे लागली, आणि त्यातही शिकवण्याला मान मिळाला तो सगळ्यांत शेवटी.

वाद्यापासूनच सुरुवात करावी लागते. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडच्या वाद्यांच्या १७००च्या यादीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने बनवलेल्या एका नव्या वाद्याची नोंद आहे. हार्पसिकॉर्डमध्ये तारा खुडल्या जात; इथे तारांवर हातोड्या पडत होत्या. त्यामुळे पट्टीवर बोट जोरात पडले की स्वर मोठा आणि हलके पडले की मृदू निघू लागला. बोट कसे पडते, मनगट किती सैल असते, हे आता नीट शिकायचे आणि शिकवायचे विषय झाले. १७५३मध्ये बर्लिनला, फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारी असलेल्या कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी पट्टीवाद्ये वाजवण्याच्या खऱ्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याचा दुसरा भाग १७६२मध्ये आला. अंगठा बोटांखालून कसा न्यायचा, अलंकार कुठे घ्यायचे, साथ कशी करायची, हे सगळे त्यात शिस्तीने मांडलेले आहे.

सुमारे पन्नास वर्षांनी व्हिएन्नात दहा वर्षांचा कार्ल चेर्नी बेथोव्हेनसमोर बसला, तेव्हा बेथोव्हेनने त्याच्या वडिलांना सर्वांत आधी हाच ग्रंथ आणायला सांगितले. गुरूच्या तोंडची विद्या आणि छापलेले पुस्तक या परंपरेत सुरुवातीपासूनच हातात हात घालून चालली. चेर्नी मोठा झाल्यावर मैफली गाजवण्याच्या मागे लागला नाही. वर्षानुवर्षे रोज दहा-बारा तास त्याने शिकवण्या केल्या. लहानग्या फ्रान्झ लिस्टला त्याने फी न घेता तयार केले. १८३९मध्ये त्याने ‘ओपस ५००’ हा वादनशिक्षणाचा भला मोठा ग्रंथ काढला, आणि पियानो शिकू लागलेल्या एका मुलीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपातही एक छोटे पुस्तक लिहिले. आज चेर्नी म्हटले की विद्यार्थ्यांना बोटांच्या व्यायामांच्या वह्या आठवतात. माझ्या दृष्टीने मात्र शिकवणे हेच आयुष्याचे काम मानणारा तो पियानोचा पहिला मोठा माणूस आहे.

तोवर संस्थाही उभ्या राहू लागल्या होत्या. १७९५मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरी निघाली आणि तिच्यासाठी लुई आदाँ यांनी पियानोची अधिकृत पद्धती लिहिली. १८४३मध्ये मेंडेल्सझोनने लाइपझिगची कॉन्झर्व्हेटरी सुरू केली. पण शिकणारे बहुतेक जण वादक होण्यासाठी शिकत नव्हते. मध्यमवर्गाच्या घराघरांत पियानो येत होता आणि हजारो नवशिक्यांना कसे शिकवायचे हा प्रश्न उभा होता. डब्लिनच्या योहान बर्नहार्ड लोजियरने १८१४मध्ये मनगट आणि बोटे जागेवर धरून ठेवणाऱ्या एका चौकटीचे पेटंट घेतले. बऱ्याच पियानोंवर बऱ्याच मुलांना एकत्र बसवून तो शिकवी. प्रशियाच्या सरकारने ही पद्धत समजून घ्यायला माणूस पाठवला आणि पुढे लोजियरलाच बर्लिनला बोलावले. ती चौकट कालांतराने मागे पडली. मुलांना गटात शिकवण्याचा त्याचा विचार मात्र दीडशे वर्षांनी विद्यापीठांत परतणार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक उतरंड पक्की झाली. लिस्ट वायमारमध्ये १८६९पासून उन्हाळ्यांत तरुण वादकांना एकत्र बसवून शिकवी, तेही फुकट. मास्टरक्लासची प्रथा इथूनच रुळली. तिथे बोटांच्या तयारीबद्दल चर्चा होत नसे. ती विद्यार्थ्याने आधीच करून यायची. एमी फे ही अमेरिकन तरुणी लिस्टमुळे भारावून गेली, पण हात कसा ठेवायचा हे तिला पुढे लुडविग डेपे यांच्याकडे मुळापासून शिकावे लागले. जर्मनीहून घरी पाठवलेल्या तिच्या पत्रांचे पुस्तक अमेरिकेत खूप वाचले गेले आणि अनेक मुली युरोपच्या वाटेला लागल्या. व्हिएन्नात चेर्नीचा शिष्य थेओडोर लेशेटिट्स्की यांच्याकडे पाडेरेव्स्की, श्नाबेल यांच्यासारखे वादक घडले. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी मात्र विद्यार्थ्याला साहाय्यकांच्या हाताखाली काही काळ काढावा लागे. अशा साहाय्यकांपैकी माल्विने ब्रे यांनी १९०२मध्ये लेशेटिट्स्की पद्धतीवर पुस्तक लिहिले. म्हणजे पाया घालणारे हात वेगळे आणि कळस चढवणारे वेगळे; नाव बहुधा कळसाचेच झाले. पाया घालणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती, हाही योगायोग नव्हता. मैफलीचे व्यासपीठ त्यांना सहजी मिळत नव्हते, आणि घरी नवशिक्यांना शिकवणे हा त्यांच्यासाठी प्रतिष्ठित मानलेल्या मोजक्या व्यवसायांपैकी एक होता.

पदवीचा उगम मात्र रशियात अधिक स्पष्ट दिसतो. अंतोन रुबिनश्टाइनला खटकत होते की त्याच्या देशात संगीतकाराला कायद्याने काही दर्जाच नाही. चित्रकाराला तो अकादमीमुळे मिळे, वादकाला नाही. १८६२मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गला कॉन्झर्व्हेटरी काढली. तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला ‘मुक्त कलाकार’ हा दर्जा मिळू लागला. तो समाजात वादकाची जागा ठरवणारा शासनमान्य कागद होता. १८६६मध्ये त्याचा भाऊ निकोलाय याने मॉस्कोची कॉन्झर्व्हेटरी उभारली. लेशेटिट्स्कीचे शिष्य वासिली साफोनोव्ह पुढे तिथे शिकवत. त्यांच्या हाताखाली योसेफ लेव्हिन आणि रोझिना ही जोडी तयार झाली. रोझिनाला १८९८मध्ये सुवर्णपदक मिळाले.

ही परंपरा अमेरिकेत पोहोचली ती याच जोडप्याबरोबर. १९१९मध्ये ते दोघे तिथे स्थायिक झाले. १९२४मध्ये ऑगस्टस ज्युलियार्डच्या मृत्युपत्रातून आलेल्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये ज्युलियार्ड ग्रॅज्युएट स्कूल निघाले तेव्हा लेव्हिन दांपत्य तिथे शिकवू लागले. निवड झालेल्यांना तिथे फी नव्हती. रोझिना पुढे अर्धशतक शिकवत राहिल्या. १९५८मध्ये मॉस्कोतली पहिली त्चाइकोव्स्की स्पर्धा जिंकणारा व्हॅन क्लायबर्न त्यांचाच विद्यार्थी होता. बेथोव्हेन, चेर्नी, लेशेटिट्स्की, साफोनोव्ह, लेव्हिन, क्लायबर्न ही साखळी आपल्या गायकीतल्या घराण्यांसारखी सांगता येते. फरक इतकाच की इथे घराणे एका संस्थेच्या छताखाली आले आणि त्याला प्रवेशपरीक्षा, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र लागले.

पुढची पायरी विद्यापीठांनी घातली. कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून १९२१मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिक सुरू झाले. १९२४पासून चाळीस वर्षे त्याचे संचालक असलेले संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांच्यासमोर एक अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या महाविद्यालयांना प्राध्यापक डॉक्टरेट असलेला हवा होता, पण उत्तम वादकाला ती मिळवण्याचा मार्ग नव्हता, पीएच.डी. होती संशोधकासाठी. हॅन्सन यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स ही पदवी आली. तीत मैफली हाच कामाचा मुख्य पुरावा मानला गेला. वाजवणे हे ज्ञान आहे हे विद्यापीठाने मान्य केले, पण शिकवणे अजून वादकाच्या अंगी आपोआप येते असेच गृहीत धरले जात होते.

हे गृहीतक मोडण्याचे श्रेय माझ्या मते फ्रान्सिस क्लार्क यांना द्यावे लागते. १९४५मध्ये मिशिगनच्या कालामाझू महाविद्यालयात आणि १९५५पासून प्रिन्स्टनच्या वेस्टमिन्स्टर क्वायर कॉलेजात त्यांनी पियानो शिकवण्याचे शास्त्र हा स्वतंत्र विषय केला. १९६०मध्ये लुईस गॉस यांच्याबरोबर त्यांनी न्यू स्कूल फॉर म्युझिक स्टडी काढले. तिथे प्रशिक्षणार्थी खऱ्या मुलांना शिकवत आणि त्यांच्या तासांची बारकाईने चिकित्सा होई. मधल्या ‘सा’च्या आसपासच हात अडकवून ठेवणाऱ्या पुस्तकांपेक्षा क्लार्क यांचा विचार वेगळा होता. स्वरलेखनाच्या रेषांवरच्या काही ठरावीक खुणा घेऊन तिथून स्वर किती अंतर चढले-उतरले हे वाचायला त्या मुलांना शिकवत. पहिला धडा काय असावा हा प्रश्न पदव्युत्तर अभ्यासाच्या दर्जाचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. याच सुमारास हेडफोन लावलेल्या इलेक्ट्रॉनिक पियानोंच्या वर्गखोल्या विद्यापीठांत आल्या, आणि लोजियरचा गट नव्या रूपात भरू लागला.

आपल्याकडे ही परंपरा दुसऱ्याच वाटेने आली. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन वाचणारे वादक घडवले आणि त्यांतले कित्येक मुंबईत आले. मुंबईतल्या गोवन आणि पारशी शिक्षकांनी पियानोच्या शिकवण्या रुजवल्या त्या ट्रिनिटी कॉलेज आणि १८८९मध्ये स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या परीक्षामंडळांच्या आधाराने. या मंडळांच्या पदविकांत वादन आणि अध्यापन अशा वेगवेगळ्या शाखा होत्या. त्यांनी आपल्याला पक्के मोजमाप दिले, याबद्दल कृतज्ञ असायलाच हवे. पण परीक्षक परीक्षेपुरता येतो. शिक्षकाचा रोजचा तास कोणी पाहत नाही. या पदविकांच्या पुढचे शिक्षण घ्यायला बहुतेकांना आजही परदेशाची वाट धरावी लागते.

जाणाऱ्यांनी तिथून वादनाबरोबर क्लार्क यांचा वारसाही आणावा असे मला मनापासून वाटते. चांगला वादक मुंबईत मैफल देऊन जाईल आणि टाळ्याही मिळवेल. पण पणजी किंवा पुण्यातल्या सहा वर्षांच्या मुलाचा हात पहिल्यांदा पट्टीवर कसा ठेवायचा हे ज्याने अभ्यासले आहे आणि ते दुसऱ्या शिक्षकांना शिकवू शकतो, तो एका पिढीचा पाया घालतो. चेर्नीने ते काम आयुष्यभर केले आणि क्लार्क यांनी त्याला पदवीचा दर्जा मिळवून दिला. आता आपल्या विद्यापीठांनी आणि संगीतशाळांनी नवशिक्यांना शिकवण्याचा अभ्यास, प्रत्यक्ष तास पाहण्या-तपासण्यासह, इथेच सुरू करायला हवा.