तीस जूनचा हिशोब



जूनचा शेवटचा आठवडा आला की आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात दोन कामे एकदम चालू असतात. एकीकडे धान्य निवडून, ऊन दाखवून डब्यात भरायचे, चातुर्मासात कोणता नियम घ्यायचा ते ठरवायचे, पालेभाज्या कधीपासून बंद करायच्या ते सुनेला सांगायचे. दुसरीकडे इनरव्हीलची धावपळ. वर्षाचा रिपोर्ट लिहायचा, फोटो चिकटवायचे, उरलेले प्रकल्प उरकायचे आणि पदग्रहण समारंभाची साडी ठरवायची.

मागे एकदा सूनबाईने मला विचारले, "आई, तुमचं वर्ष जूनमध्येच का संपतं? दुकानाचं मार्चला संपतं, आपलं वीर निर्वाण संवत दिवाळीला बदलतं. हे मधेच कुठलं?" मला उत्तर देता आले नाही. बारा वर्षे क्लबात काढली, एक वर्ष खजिनदारही होते, पण हे कधी विचारले नव्हते. मग शोधायला बसले. सापडलेले आज तुम्हाला सांगते, आणि त्याबरोबर एक माझी स्वतःची चूकही सांगते.

आधी रोटरीची गोष्ट, कारण आपले वर्ष तिथून आले. 23 फेब्रुवारी 1905 रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना घेऊन पहिली बैठक भरवली. पुढे बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागली. फिरती बैठक म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला हे मैत्रीचे आणि धंद्याच्या ओळखीचे मंडळ होते. सेवेचे पहिले मोठे काम त्यांनी 1907 च्या सुमारास हाती घेतले, आणि ते कोणते होते माहीत आहे? शहरात सार्वजनिक शौचालये बांधून घेण्याचे. मला वाचून गंमत वाटली होती. पुढे हीच गोष्ट मला वेगळ्या कारणाने आठवली.

1910 च्या ऑगस्टमध्ये शिकागोत त्यांचे पहिले अधिवेशन झाले. ते संपले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवे वर्ष मोजायचे असे ठरले. म्हणजे अधिवेशन सरकले की वर्षही सरकणार. 1912 मध्ये हिशोब तपासनिसांनी सांगितले की असे चालणार नाही, 30 जूनला वह्या बंद करा, म्हणजे अधिवेशनापूर्वी ताळेबंद मांडायला वेळ मिळेल. 1913 मध्ये ते मान्य झाले. तेव्हापासून वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपते. ना सण, ना तिथी. हे हिशोबासाठी ठरवलेले वर्ष आहे.

आता आपले इनरव्हील. रोटरीत त्या काळी फक्त पुरुष. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या रोटरी सभासदांच्या बायकांनी मदतकार्य केले होते. युद्ध संपले म्हणून त्यांना पुन्हा नुसते घरात बसायचे नव्हते. मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग नावाच्या बाई होत्या. नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्या आणि स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या. 15 नोव्हेंबर 1923 रोजी त्यांनी रोटरी सभासदांच्या बायकांची बैठक बोलावली. 27 जणी आल्या. जागा कुठली, तर हेरियट्स नावाच्या टर्किश बाथची, म्हणजे वाफेच्या स्नानगृहाची खोली. 10 जानेवारी 1924 रोजी रीतसर पहिली सभा झाली आणि इनरव्हील हे नाव ठरले. रोटरीच्या दातेरी चाकाच्या आतले छोटे चाक, म्हणून इनरव्हील. आपल्या पिनेवर तेच आहे. दर 10 जानेवारीला आपण इनरव्हील दिन साजरा करतो तो याचसाठी. 1934 मध्ये ब्रिटनमधल्या क्लबांची संघटना झाली, 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली. भारतातला पहिला क्लब 1955 मध्ये अहमदाबादला निघाला.

खुद्द रोटरीचे दार बायकांना उघडायला मात्र फार वेळ लागला. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबाने 1970 च्या दशकात तीन बायकांना सभासद करून घेतले, तर वरच्या संस्थेने त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1987 मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि 1989 मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. तोपर्यंत इनरव्हीलला पासष्ट वर्षे झाली होती.

हा झाला इतिहास. आता माझी चूक.

मी खजिनदार होते त्या वर्षी 20 जूनला सेवेच्या खात्यात तेवीस हजार रुपये शिल्लक होते. आमच्याकडे वर्गणीचे खाते वेगळे आणि सेवेचे वेगळे. सेवेचा पैसा चहापाण्याला लागत नाही. देवळाचा पैसा घरात वापरायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते, म्हणून हा नियम मला आवडायचा. पण बैठकीत विषय निघाला की शिल्लक पुढच्या अध्यक्षांना का द्यायची? पैसा आपण जमवला, तो आपल्याच वर्षात लागला पाहिजे, आपल्याच रिपोर्टात आला पाहिजे. मीही मान डोलावली. खरे सांगायचे तर मलाही माझ्या वहीच्या शेवटच्या ओळीत शून्य हवे होते.

दोन दिवसांत वह्या खरेदी झाल्या. गावाबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. बॅनर लावला. मुलांना ओळीत उभे केले. पाऊस थांबून ऊन पडले होते, आणि प्रत्येक वही देताना फोटो, म्हणून पाऊण तास गेला. पहिलीतली पोरे खाली बसायला बघत होती आणि आम्ही त्यांना सरळ उभे राहायला सांगत होतो.

निघताना तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतले. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, रागावू नका. या महिन्यात वह्या तिसऱ्यांदा आल्या. पण मुलींच्या बाथरूमची कडी चार महिने तुटलेली आहे. सातवीच्या मुली दुपारी घरी जातात त्या परत येत नाहीत. ते कुणी बघेल का?"

एक कडी. आम्ही तेवीस हजार संपवायला गेलो होतो आणि शाळेला शंभर-दीडशे रुपयांची कडी हवी होती. चार महिने! त्या चार महिन्यांत आमच्या चार बैठका झाल्या होत्या. एकीनेही शाळेत फोन करून काय हवे ते विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांच्या दुकानातला सुतार घेऊन गेले. दाराची खालची फळीही कुजली होती, तीही बदलली. त्याचा फोटो काढला नाही. कशाचा काढणार?

त्या रात्री दोन गोष्टी डोक्यात घोळत होत्या. पहिली लक्ष्मीबाईंची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. कुंभोजचे भाऊराव आपल्याच समाजातले, हे आपण अभिमानाने सांगतो. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. मँचेस्टरला इनरव्हील निघाले तेच हे वर्ष. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. लक्ष्मीबाई जुन्या, कडक सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या. तरी त्या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या जेवणाला पैसे उरत नसत तेव्हा त्यांनी एकेक करून दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या गेल्या. त्यांच्यापुढे तीस जून नव्हता. आज चूल पेटायला काय हवे, एवढाच प्रश्न रोज होता. कुणाला काय हवे हे त्यांना विचारावे लागत नव्हते, कारण मुले डोळ्यांसमोर होती. आपली मुले डोळ्यांसमोर नसतात, म्हणून आपल्याला विचारावे लागते.

दुसरी गोष्ट तत्त्वार्थसूत्राची. दशलक्षणात रोज एक अध्याय ऐकताना सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. त्यात उमास्वामींनी दानाची व्याख्या सांगितली आहे की उपकार व्हावा म्हणून आपल्या वस्तूचा त्याग म्हणजे दान. आणि लगेच सांगितले आहे की दानाचे फळ चार गोष्टींमुळे कमीजास्त होते: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. किती वर्षे ऐकले, पण त्या रात्री पहिल्यांदा मी आपल्या कार्यक्रमाला ते लावून पाहिले. द्रव्य चांगले होते, वह्या उत्तम कागदाच्या होत्या. पात्र म्हणावे तर मुले गरजूच होती, पण वह्यांची गरज भागलेली होती. विधी म्हणजे देण्याची रीत, आदर. आपण आहारदान देताना मुनींना किती नम्रपणे पडगाहन करतो! मुनींचा विधी वेगळा हे मला कळते. पण उन्हात पोरे उभी करून बॅनर सरळ धरायला सांगणे हा कुठला विधी? आणि दाता म्हणजे आम्ही. आमच्या मनात त्या वेळी मुले होती की रिपोर्ट?

आता कुणी म्हणेल, मग रिपोर्ट, हिशोब, पदग्रहण हे सगळे खोटेच का? नाही. तसे मला वाटत नाही. पोलिओचे उदाहरण घ्या. रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचे काम अंगावर घेतले. 1988 पासून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ असे सगळे एकत्र आले. आपल्याकडे 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आपल्यातल्या कितीतरी जणी केंद्रांवर बसल्या आहेत, बाळांच्या करंगळीला शाई लावली आहे. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

1985 ते 2014 म्हणजे एकोणतीस वर्षे. प्रत्येक गावच्या क्लबात एकोणतीस अध्यक्ष झाले. त्यातल्या एकाच्याही वर्षात ते काम पुरे होणार नव्हते. प्रत्येकाने वही नीट लिहिली, उरलेले काम आणि उरलेला पैसा पुढच्याच्या हाती दिला, म्हणून ते तडीला गेले. त्या हिशोब तपासनिसांनी तारीख दिली ती वही मांडण्यासाठी दिली होती. त्या तारखेच्या आत तिजोरी रिकामी करा, असे त्यांनी कुठे म्हटले होते? ते आपणच ठरवून टाकले.

पुढच्या वर्षी बैठकीत मी हे बोलले. सोपे गेले नाही. एक मैत्रीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही. "आमच्या वर्षाला नावं ठेवतेस का?" म्हणाली. मी म्हटले, ते वर्ष माझेही होते, खजिनदार मीच होते. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. शाळेला फोन एप्रिलमध्ये करायचा आणि काय हवे ते बाईंनाच सांगू द्यायचे. शिल्लक राहिली तर ती लाज न बाळगता पुढच्या अध्यक्षांच्या हाती द्यायची, कोणत्या कामासाठी ठेवली ते लिहून. आणि घेणाऱ्या मुलाचा चेहरा फोटोत नको. वस्तूंचा फोटो पुरे. ही तिसरी गोष्ट अजून कधीकधी मोडते. पहिल्या दोन टिकल्या आहेत.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये फोन केला तेव्हा त्याच बाईंनी काय मागितले? पाण्याच्या टाकीला झाकण, मुलींच्या बाथरूमला दिवा आणि सॅनिटरी पॅडसाठी एक कपाट. सगळे मिळून सात हजारांच्या आत झाले. पदग्रहणात नव्या अध्यक्षांना कॉलर घालून झाल्यावर मी त्यांच्या हातात बँकेचे पासबुक दिले. शून्य नव्हते. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत.

मैत्रिणींनो, दशलक्षणात आठवा दिवस उत्तम त्यागाचा आणि त्याच्यापाठोपाठ नववा उत्तम आकिंचन्याचा, म्हणजे माझे काही नाही या भावाचा. आधी वस्तू सोडायची, मग "मी सोडली" हेही सोडायचे. आपल्या क्लबात, महिला मंडळात, मंदिराच्या ट्रस्टमध्ये, जिथे जिथे तुमच्या हाती वही असेल तिथे या जूनला एवढे करून पाहा. वह्या आणायच्या आधी शाळेत एक फोन करा. कडी कुठली तुटली आहे ते विचारा.

जय जिनेंद्र.