आघातजन्य श्वासावरोध

आघातजन्य श्वासावरोध म्हणजे छातीवर, अथवा छाती व पोट या दोहोंवर, बाहेरून प्रचंड दाब येऊन श्वसनाची हालचाल बंद पडणे होय. नाक, तोंड व गळा मोकळे असूनही बरगड्या व श्वासपटल यांना हलण्यास वाव उरत नाही. न्यायवैद्यकशास्त्रात यास 'ट्रॉमॅटिक ॲस्फिक्सिया' म्हणतात.

कारणे

चेंगराचेंगरी हे याचे सर्वपरिचित कारण. माणसे तुडवली जाऊन मरतात असा समज रूढ असला, तरी पुष्कळदा ती उभ्या उभ्याच गुदमरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर ऐन पावसात गर्दी अडून २३ जणांचा बळी गेला.

ग्रामीण भागात कारणे निराळी असतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात. उलटलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडणे हा त्या प्रवासातला धोका आहे. विहीर खोदताना दरड ढासळल्यास, डोके बाहेर असूनही, मजूर गुदमरू शकतो. कारण प्रत्येक उच्छ्वासासरशी माती छातीभोवती अधिक घट्ट बसते व पुढचा श्वास आखूड होतो.

ओळख

संकटाच्या क्षणी माणूस दीर्घ श्वास घेऊन तो रोखतो. त्याच वेळी छाती दाबली गेली, की हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त ऊर्ध्व महानीलेतून डोके व मान यांकडे उलटे लोटले जाते. त्यामुळे सूक्ष्म केशवाहिन्या फुटतात. चेहरा, मान व छातीचा वरचा भाग जांभळा-काळा पडतो, सुजतो. त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू उमटतात व डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होतो. दाबाच्या रेषेखालील त्वचा मात्र फिकट राहते. घट्ट कॉलर वा पट्ट्याखालची त्वचाही पुष्कळदा बचावते. बरगड्या मोडलेल्या असतीलच असे नाही, विशेषतः लवचीक हाडांच्या लहान मुलांत. बाह्य जखम नाही म्हणून हे निदान नाकारणे चुकीचे ठरते. गळा आवळल्यानेही चेहऱ्यावर रक्तबिंदू दिसतात. म्हणून शवविच्छेदनात मानेवरील व्रण काळजीपूर्वक तपासतात.

फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी पॅरिसमधील गर्दीत चिरडलेल्यांच्या शवांवरून १८३७ मध्ये याचे वर्णन केले.

उपचार

भार त्वरित हटवणे हाच मुख्य उपाय. त्यानंतर प्राणवायू देतात व मणक्याला इजा नसल्यास डोके उंच ठेवतात. वाचलेल्या रुग्णाचा चेहरा भीतिदायक दिसला, तरी तो रंग बहुधा काही आठवड्यांत ओसरतो.