शरीराची चित्रं: कार्टरच्या पेन्सिलीपासून सीटी स्कॅनपर्यंत

अँजिओप्लास्टीचा सल्ला मिळाला की घरी पोचायच्या आत, लोकलमध्येच, कोणीतरी मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावतं. लालभडक नळी, तिच्यात पिवळा गोळा. बारीक तार आत शिरते, फुगा फुगतो, गोळा भिंतीला चपटा होतो, जाळी बसते आणि रक्त पुन्हा धो धो वाहू लागतं. दोन मिनिटांत सगळं समजल्यासारखं वाटतं.

हे कॉम्प्युटरवर काढलेलं हलतं चित्र खरोखर किती शिकवतं आणि कुठे फसवतं, हे बघायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल. फार दूर नाही. या गोष्टीतली दोन महत्त्वाची ठिकाणं आपल्याच रेल्वेमार्गावर आहेत, एक भायखळा आणि दुसरं कल्याण.

ग्रेज अ‍ॅनाटॉमी हे नाव डॉक्टर नसलेल्यांनीही ऐकलेलं असतं. १८५८ च्या ऑगस्टमध्ये लंडनला त्याची पहिली आवृत्ती निघाली. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण पुस्तकाचा जीव होता त्यातल्या ३६३ चित्रांत, आणि ती काढली होती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. वडील जलरंगातले चित्रकार, त्यामुळे हात घरातच तयार झालेला. पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो त्याच वर्षी मुंबईला येऊन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचा प्राध्यापक झाला होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र त्याच्या नावाखाली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधला 'माजी डेमॉन्स्ट्रेटर' एवढाच उल्लेख राहिला. चित्रांबद्दल त्याला एकरकमी मानधन मिळालं, पुढच्या विक्रीवर काही नाही. चित्रकारांच्या वाट्याला येतं तेच.

कार्टरने केलेली एक साधी गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच्या आधीच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर क, ख, ग अशी अक्षरं असत आणि त्यांचे अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावर शोधावे लागत. कार्टरने अवयवाचं नाव त्या अवयवावरच लिहिलं. धमनी वळते तसं तिचं नाव वळतं, स्नायू पसरतो तसं त्याचं नाव पसरतं. डोळा एकाच जागी राहतो, मन भटकत नाही. आज नकाशाच्या अ‍ॅपवर रस्त्याचं नाव रस्त्याच्या वळणानेच लिहिलेलं दिसतं. तीच ही युक्ती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने काय गाळलं. ज्याने शवविच्छेदन पाहिलं आहे त्याला माहीत असतं की आत लाल-निळ्या-पिवळ्या वायरींसारखं काही नसतं. सगळं करड्या-पिवळट रंगाचं, चरबीत आणि पातळ पडद्यांत गुंडाळलेलं. कार्टरने ती चरबी, ते पडदे बाजूला सारले आणि शिकणाऱ्याला हवं तेवढंच ठेवलं. चांगलं शैक्षणिक चित्र वास्तवाची नक्कल करत नाही, ते वास्तवातून निवड करतं. कार्टरची निवड विश्वासार्ह होती, कारण ती त्याने ग्रेबरोबर प्रत्यक्ष विच्छेदन करून केली होती. पुढे त्याने काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काढली, कुष्ठरोगावर आणि पायाला गाठी-छिद्रं पाडणाऱ्या मायसेटोमा या बुरशीच्या रोगावर सचित्र ग्रंथ लिहिले आणि अखेर ग्रँट मेडिकलचा प्राचार्य झाला. ग्रे मात्र १८६१ मध्ये, देवी आलेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेला. वय जेमतेम चौतीस.

आता कल्याणला येऊ. चित्र स्थिर असतं, शरीर मात्र चालू असतं. हृदय आकुंचन पावतं, झडपा मिटतात. चित्राला हालचाल द्यायची हौस जगभर होती, आणि आपल्याकडे ती १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी भागवली. त्यांच्या खेळाचं नाव मोठं झोकदार, 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणांतला मायावी असुर, त्यावरून शांबरिक. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. एकाच आकृतीच्या थोड्या थोड्या वेगळ्या चित्रांच्या काचा भराभर बदलल्या की पडद्यावरचं पात्र हलल्यासारखं दिसे. पटवर्धन आणि त्यांचे मुलगे हे खेळ घेऊन गावोगावी फिरले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून बरीच वर्षं होती.

पटवर्धनांचे विषय पुराणांतले आणि करमणुकीचे होते, वैद्यकाचे नाहीत, हे खरं. पण त्यांच्या खेळात एक गोष्ट होती जी मोबाइलवरच्या व्हिडिओत नसते. चित्राशेजारी निवेदक असे. पिंगुळीच्या चित्रकथींसारखाच तो गोष्ट सांगे. प्रेक्षक गोंधळला तर सांगणारा थांबू शकत होता. आरोग्यशिक्षणाने हाच कंदील पुढे उचलला. १९११ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी जी कामं केली, त्यांत मॅजिक लँटर्नची व्याख्यानं होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचायला चित्र आणि आवाज हाच मार्ग होता.

तिकडे १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाच्या आतलं चित्र मिळू लागलं. पण ती सावली होती, पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडलेली. खरा बदल १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात झाला. तिथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन केला. ते चित्र ८० बाय ८० चौकटींचं होतं, म्हणजे फक्त ६,४०० ठिपके. आज एका कापाला साधारणपणे ५१२ बाय ५१२ असतात.

इथे जरा थांबतो, कारण हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. सीटीचं चित्र हा फोटो नाही, तो हिशेब आहे. प्रत्येक चौकटीला एक आकडा मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांत किंवा त्याहून जास्त. डोळ्याला इतक्या छटा ओळखता येत नाहीत, म्हणून रेडिओलॉजिस्ट आकड्यांची एक खिडकी निवडतो आणि तेवढ्याच भागाला काळ्या-पांढऱ्या छटा वाटून देतो. एकाच छातीच्या स्कॅनमध्ये एका खिडकीतून फुफ्फुसं दिसतात, दुसरीतून हाडं. म्हणजे कार्टर चरबी खोडत होता तेच काम इथे कळफलकावर होतं. त्यानंतर जे रंगीत, फिरवता येणारं त्रिमितीय हृदय दाखवतात, त्यातले रंगही कॉम्प्युटरने दिलेले असतात. त्यातला लाल रंग म्हणजे सूज किंवा धोका नव्हे.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पातला पुरुषदेह जगाला खुला केला. टेक्सासमध्ये देहदंड झालेल्या एका माणसाने देहदान केलं होतं. त्याचं गोठवलेलं शरीर एकेक मिलिमीटरने कापून १,८७१ कापांची छायाचित्रं घेतली गेली. शरीररचनेची कित्येक सॉफ्टवेअर त्यावर उभी राहिली. गंमत अशी की या आदर्श डिजिटल देहाला अपेंडिक्सच नव्हतं, ते आधीच्या शस्त्रक्रियेत काढलेलं होतं. म्हणून विद्यार्थ्यांना एकापेक्षा जास्त शरीरं बघावी लागतात. ज्याचं अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलंय त्याचं पोट पुस्तकातल्या जागी दुखत नाही. स्क्रीनवरचं विच्छेदन आता बऱ्याच ठिकाणी आलं, तरी आपल्या कळव्याच्या मेडिकल कॉलेजसारख्या महाविद्यालयांना देहदानाची गरज आहेच, आणि डोंबिवलीचं दधीचि देहदान मंडळ त्याबद्दल लोकांशी बोलत असतं.

आता लोकलमधल्या त्या व्हिडिओकडे वळू. त्याने बरंच गाळलंय. त्यातली रक्तवाहिनी ही पाण्याची नळी आहे आणि आजार म्हणजे तिच्यातला कचरा. खऱ्या धमनीत चरबीचा थर भिंतीच्या आत साठतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हार्ट अटॅक येतो. फुटणारा थर नेहमी सर्वांत मोठाच असतो असं नाही. अँजिओग्राफीत दिसतो तो फक्त आतून वाहणारा रंग, भिंत नव्हे. अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे विचार करत बसू नये. पण चालताना छातीत भरून येतं आणि थांबलं की बरं वाटतं, अशा स्थिर अंजायनाच्या २,२८७ रुग्णांवरच्या 'करेज' या अभ्यासात (२००७) औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र सुरुवातीच्या काळात जास्त कमी झालं. नळीचं चित्र मनात ठसलेल्या माणसाला हे पटतच नाही. 'डॉक्टर, ब्लॉक आहे म्हणजे काढायलाच हवा ना?' हा प्रश्न त्या चित्रातून येतो. मग गोळ्या आणि चालणं हा उपचार त्याला टाळाटाळ वाटतो.

म्हणून असा निर्णय घ्यायची वेळ आली तर व्हिडिओ जरूर बघा, पण तुमच्या डॉक्टरांना तुमचीच अँजिओग्राफी स्क्रीनवर लावून दाखवायला सांगा. किंवा कागदावर पेनने आकृती काढायला सांगा. काढता काढता ते बोलतील, तुम्ही मध्येच थांबवू शकाल. आणि स्कॅन केलात तर छापील फिल्मबरोबर त्याची सीडी किंवा लिंक मागून घ्या. फिल्मवर एकदाच निवडलेली खिडकी छापलेली असते. सीडीवर सगळे आकडे असतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्यातून वेगळी खिडकी उघडून बघता येते.