दरबार आणि हिशेब

नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी माणसाकडे गावाकडचे पाहुणे आले, की त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट दाखविणे हे त्याचे ठरलेले कर्तव्य होऊन बसते. शहराच्या उत्तरेस, बुराडीच्या बाजूस असलेले कॉरोनेशन पार्क मात्र सहसा कोणी कोणास दाखवीत नाही. तेथे एक उंच दगडी स्तंभ आहे आणि सम्राटांचे व व्हाइसरॉयांचे काही पुतळे आहेत. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या चौकांतून ते उचलून येथे आणून ठेवण्यात आले. एके काळी इंडिया गेटसमोरच्या छत्रीखाली उभा असलेला पंचम जॉर्जही आता येथेच असतो. याच माळावर १८७७, १९०३ आणि १९११ असे तीन दरबार भरले. त्यांतील पहिल्या दरबाराची कथा महाराष्ट्राशी विशेष निगडित आहे. कारण दिल्लीत तोफांची सलामी चालू होती, तेव्हा दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती.

ब्रिटिश पार्लमेंटने १८७६ मध्ये कायदा करून राणी व्हिक्टोरियास नवी पदवी धारण करण्याची मुभा दिली. ‘कैसर-इ-हिंद’ या पदवीची घोषणा १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस करावी असे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी ठरविले. स्वतः कवी असलेल्या या व्हाइसरॉयांची अशी दृढ समजूत होती, की हिंदी लोकांच्या मनावर कारभारापेक्षा देखाव्याचाच परिणाम अधिक होतो. राजेरजवाड्यांना देण्यासाठी रेशमी ध्वज तयार करविण्यात आले. त्यांचे पितळी दांडे इतके जड झाले, की एकेक ध्वज उचलावयास दोन धिप्पाड शिपाई लागत! साठाहून अधिक संस्थानिक, त्यांचे लवाजमे, हत्तींची मिरवणूक, सुवर्णपदके आणि मेजवान्या यांत कित्येक दिवस गेले. मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांचे गव्हर्नरही आपापले दुष्काळी प्रांत मागे टाकून दिल्लीस हजर राहिले.

मागे राहिलेल्या प्रांतांची स्थिती काय होती? १८७६ चा पाऊस फसला. सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांत पिके हातची गेली. धान्य मुळीच नव्हते असे नाही. ते होते, पण गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते, आणि परदेशी निर्यातही थांबविण्यात आलेली नव्हती. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात हिंदुस्थानच्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली.

दरबार आटोपताच सर रिचर्ड टेंपल यांना या दोन्ही इलाख्यांच्या पाहणीस पाठविण्यात आले. या गृहस्थांचा पूर्वेतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून प्रचंड प्रमाणावर तांदूळ आणवून लोकांस वाचविले होते, आणि त्या दुष्काळात भूकबळी जवळजवळ पडले नव्हते. परंतु त्याबद्दल गौरव होण्याऐवजी उधळेपणाचा ठपका त्यांच्या माथी बसला. माणसे वाचविताना पैसा फार गेला, हा त्यांचा अपराध! १८७७ मध्ये हा डाग धुऊन काढण्याची संधी त्यांना मिळाली आणि ती त्यांनी दवडली नाही. दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसा, इतकी खाली आणावी अशी शिफारस त्यांनी केली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या थोडे वर. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास इतके अन्न पुरत नाही, हे मद्रासच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी त्याच वेळी निक्षून सांगितले होते. दरबाराच्या खर्चाबद्दल कोणाच्या माथी ठपका बसला नाही. तो बसला होता तांदळाबद्दल. राज्यकर्त्यांना काटकसर ठाऊक नव्हती असे नाही. ती कोठे करावयाची एवढेच त्यांनी ठरवून ठेविले होते.

हे सारे निमूटपणे सोसले गेले असते, तर तो केवळ दुःखाचा इतिहास झाला असता. पण तसे घडले नाही. मुंबई इलाख्यात मजुरी कमी होताच आणि घराजवळची कामे बंद करून लांबच्या मोठ्या कामांवर जाण्याची सक्ती होताच हजारो दुष्काळी मजुरांनी काम सोडले. उपाशी माणसाने संप करणे म्हणजे मरणाशीच पैज लावणे होय. तरीही त्यांनी ती लावली. त्यांचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी घालण्याचे काम पुण्याच्या एका संस्थेने केले. ती म्हणजे सार्वजनिक सभा.

सार्वजनिक सभेचा जन्म कसा झाला हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. पुण्यातील पर्वती देवस्थानच्या पैशाची व्यवस्था नीट होत नाही, अशी लोकांची तक्रार होती. त्या तक्रारीची दाद लावण्यासाठी लोकांनी आपली माणसे निवडली, आणि त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सभा उभी राहिली. देवळाच्या तिजोरीचा हिशेब मागता मागता सरकारी तिजोरीचा हिशेब मागण्यापर्यंत पुणेकरांची मजल गेली. सभेचा एक नियम तर फारच मार्मिक होता. जो सभासद होऊ इच्छील, त्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. ‘तुम्ही बोलणारे कोण?’ असा प्रश्न सरकारने विचारलाच, तर उत्तर कागदावर तयार असावे, हा त्यातील हेतू. आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने बोलत होते. मतपेटी या देशात येण्यापूर्वी मतदाराची कल्पना पुण्यात अशी कागदावर उतरली होती.

या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका. काकांनी १८७२ मध्येच स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले होते. सभेचे प्रतिनिधी म्हणून ते १८७७ च्या दरबारास गेले. भरजरी पोशाख, हिऱ्यांचे शिरपेच आणि लष्करी पदके यांच्या गर्दीत पुण्याचा हा वकील हातच्या सुताची पांढरी खादी नेसून उभा होता. त्यांच्याजवळचे मानपत्र वरवर पाहता राजनिष्ठेचेच होते. पण हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी त्यात होती. काकांनी दरबारावर बहिष्कार घातला नाही आणि दरबाराने ते दिपूनही गेले नाहीत. इतरांच्या पोशाखाचे मोल आपोआप कळावे, असा पोशाख करून ते तेथे गेले.

इकडे सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा करीत होती. कोणत्या तालुक्यात धारण काय, कामे कोठे निघाली, मजुरी किती मिळते, गुरे किती मेली, गावे कोठे ओस पडली, याचे वृत्तांत मुंबई सरकारकडे एकामागून एक जात होते. या कार्यामागची बुद्धी महादेव गोविंद रानडे यांची होती. आणि रानडे कोण, तर सरकारी नोकर! पुण्याच्या न्यायालयात बसणारा हा न्यायाधीश उरलेल्या वेळात सरकारच्याच आकड्यांवरून सरकारचे दोष दाखवून देत असे. दादाभाई नवरोजी यांनी १८७६ मध्ये मुंबईस वाचलेल्या निबंधात हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये ठरविले होते. रानडे आणि दादाभाई यांचे विवेचन निरनिराळे होते. पण सरकारचा खर्च करदात्याच्या मिळकतीशेजारी मांडून पाहावयाचा, ही दृष्टी दोघांचीही होती. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक निघाले आणि या दृष्टीला कायमचे व्यासपीठ मिळाले.

सरकारने याचे उत्तर दोन प्रकारे दिले. पहिला प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली आणि पुढच्याच वर्षी तेथून धुळ्यास. धुळ्यास त्यांचा टपालही फोडून पाहिला जात असे. दुसरा प्रकार नव्या करांचा. पुढील दुष्काळांसाठी दरवर्षी दीड कोट रुपयांची तरतूद करावयाची म्हणून १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागीर यांच्यावर परवाना कर बसविण्यात आला. शिंपी आणि सुतार त्याच्या कक्षेत आले. मोठ्या पगाराचे सरकारी अधिकारी मात्र सुटले. सुरतेस हरताळ पडून दंगल उसळली. हा पैसा दुष्काळासाठीच राखून ठेवू, असे आश्वासन होते; पण अफगाणिस्तानच्या युद्धाचा खर्च वाढताच ते मागे पडले. त्या युद्धाच्या खर्चाचा अंदाज तर इतका चुकला, की १८८० मध्ये सत्य बाहेर आले तेव्हा व्हाइसरॉयांच्या अर्थखात्याची अब्रू गेली. १८७९ मध्ये जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठविण्यात आली, तीही कौन्सिलातील बहुमत डावलून. शिंप्याकडून कर घ्यावयाचा आणि मँचेस्टरला सूट द्यावयाची, हे लोकांना दिसत होते. त्यावर देशी भाषांतील वृत्तपत्रांनी बोलू नये म्हणून १८७८ मध्येच मुद्रणावर निर्बंध घालणारा कायदा आला होता.

अर्जाचा मार्ग असा अडविला, की संताप दुसरी वाट शोधतो. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत वासुदेव बळवंत फडके नावाचे एक कारकून होते. सैन्यावर काय खर्च होतो हे त्यांना टेबलावरच्या कागदांतून कळत होते. आणि मुलखात काय चालले आहे हे दुष्काळी भागात हिंडून त्यांनी पाहिले होते. ही दोन माहिती एकाच मनात जवळजवळ आली आणि स्फोट झाला. १८७९ मध्ये त्यांनी बंड केले. त्यांच्या जाहीरनाम्याचा रोख लोकांवरील करभारावर आणि गोऱ्या अंमलदारांच्या जबर पगारांवर होता. एव्हाना मुंबईच्या गव्हर्नरपदावर सर रिचर्ड टेंपल हेच विराजमान झाले होते! जुलैत फडके पकडले गेले. खटल्यात त्यांचे वकीलपत्र घ्यावयास पुढे आले ते सार्वजनिक काका. दरबारात मानपत्र घेऊन जाणारा माणूस आणि बंडखोराचा बचाव करणारा माणूस एकच होता, यातच त्या काळाचे सारे राजकारण आले. काका १८८० मध्ये वारले. फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मृत्यू पावले.

मग या खटाटोपाचे फळ काय? दुष्काळ आयोग बसला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. प्रजेस उपासमारीतून वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे निदान कागदावर आले. दुसरे फळ पुढे पिकले. रानड्यांच्या हाताखाली सभेच्या त्रैमासिकात तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयांच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. तिजोरीत शिल्लक आहे म्हणून सरकार संतुष्ट होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी खंगलेल्या लोकांकडून जरुरीपेक्षा जास्त वसूल केले, एवढाच त्या शिलकीचा अर्थ होतो, असे गोखल्यांनी दाखवून दिले. दुष्काळी कामावरील मजुराचा प्रश्न अशा रीतीने अर्थसंकल्पाच्या सभागृहात पोहोचला.

स्वराज्य आले म्हणून हा प्रश्न संपला असे नाही; त्याचा पत्ता तेवढा बदलला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने मागेल त्यास काम देण्याचा कायदा केला, आणि तो १९७९ मध्ये, म्हणजे फडक्यांच्या बंडानंतर बरोबर शंभर वर्षांनी, अमलात आला. पण कामाच्या हक्काबरोबर हिशेबाचा हक्कही लागतो. १९९४ पासून राजस्थानातील खेड्यांत मजूर एकत्र जमून सरकारी कामांचे हजेरीपट जाहीरपणे वाचावयाची मागणी करू लागले. मेलेल्या माणसांची नावे आणि न बांधलेल्या भिंती त्या कागदांतून बाहेर आल्या. त्या चळवळीतूनच पुढे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. पर्वतीच्या तिजोरीपासून निघालेली वाट एवढी लांब आहे.

या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट मनात ठसते. लोक खर्चाला भीत नाहीत. बिहारच्या तांदळावर झालेल्या खर्चाबद्दल बिहारचा शेतकरी रागावला नव्हता. रागावले ते कलकत्त्याचे आणि लंडनचे. लोकांना चीड येते ती वरच्यांना आपण दिसतच नाही याची. सत्तेच्या उंचीवरून ध्वज दिसतात, हजेरीपट दिसत नाही. तो ज्याच्या टेबलावर असतो, तो बहुधा मधल्या पायरीवरचा नोकर असतो: कधी टेंपल, कधी रानडे, कधी फडके. टेंपल यांनी वरच्यांची मर्जी ओळखली, फडक्यांनी नोकरीच सोडली. रानडे मात्र त्याच खुर्चीत बसून आकडे जसेच्या तसे मांडीत राहिले आणि बदलीचा हुकूम आला तेव्हा सामान बांधून निघाले. या तिघांतील सर्वांत अवघड वाट कोणती, हे बदलीच्या गावी बसून हा मजकूर वाचणाऱ्यांना सांगावयास नको.

पाहुणे पुन्हा येतील तेव्हा त्यांना एकदा बुराडीच्या बाजूस न्यावे. तेथे सम्राटांचे पुतळे आहेत. खादी नेसून त्याच माळावर उभ्या राहिलेल्या वकिलाची खूण मात्र तेथे शोधू नये. ती अर्थसंकल्पावरील चर्चेत आणि माहितीच्या अर्जावर सही करणाऱ्या एखाद्या खेडुताच्या हातात सापडेल.